बापाचा रंग सांगण्याआधी

चि. सई,


जिन्याखालच्या पिल्लांचे फोटो पोचले. आई तिरंगी, पिल्लं चार: दोन केशरी, एक काळं, एक आईसारखं तिरंगी. खाली तू लिहिलंस, “दोन केशरी, म्हणजे बाप केशरी बोकाच.” तू कारण शोधायला लागलीस याचा मला फार आनंद झाला. पण हे अनुमान घाईचं आहे, आणि घाई नेमकी कुठे झाली ते दाखवावं म्हणून लगेच लिहायला बसले.

मांजरात केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. भाटीला दोन एक्स, बोक्याला एक एक्स आणि एक वाय. बोक्याला त्याचा एकुलता एक्स आईकडून मिळतो. बाप देतो तो वाय. तुमच्या भाटीकडे एक एक्स केशरीचा आहे, एक काळ्याचा. तेव्हा तिचे बोके केशरीही होतील, काळेही. त्यावरून बापाचा काहीच पत्ता लागत नाही. केशरी पिल्लू भाटी निघालं तर मात्र तिला दोन्हीकडून केशरीच आलेला असणार, म्हणजे बाप केशरी. काळं पिल्लू भाटी निघालं तर तिचा बाप केशरी नव्हे. आणि दोन्ही निघाल्या तर गोंधळू नकोस; एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

म्हणजे सगळं अडलंय ते एका साध्या गोष्टीपाशी. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की एकेकाला मांडीवर घे आणि शेपूट हळूच उचलून पाहा. भाटीत दोन्ही छिद्रं जवळजवळ असतात, बोक्यात त्यांच्यात चांगलं अंतर असतं. पाहशील ते वहीत लिही. बापाबद्दल बोलायचं ते त्यानंतर.

तिरंगी पिल्लाकडे तर रोज पाहा. भाटीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भातच मिटून जातो. कुठे कोणता मिटेल याला नियम नाही, पण एकदा मिटला की त्या पेशीपासून झालेल्या साऱ्या पेशींत तोच मिटलेला राहतो. म्हणून अंगावर केशरी आणि काळे डाग शेजारीशेजारी दिसतात. मेरी लायन यांनी हे १९६१ साली उंदरांच्या अंगावरच्या रंगांवरून ओळखलं. पांढऱ्याचं जनुक वेगळंच. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्यालगत तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात. ते जनुक असलं की लांबच्या जागांना त्या कमी पडतात. म्हणून पांढरं बहुधा पोटावर आणि पंजांवर. तुझ्या फोटोतही तसंच आहे, पाहा.

एक गोष्ट कायम ध्यानात ठेव. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या एका विद्यापीठात जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, सीसी. ज्या रेनबो नावाच्या भाटीच्या पेशीपासून ते केलं, ती तिरंगी होती. सीसीच्या अंगावर मात्र केशरीचा एक केसही नव्हता. जनुकं तीच, पण ज्या एका पेशीपासून ती घडली, तिच्यात केशरीचा एक्स मिटलेला होता आणि तो तसाच राहिला. जनुकं कळली म्हणजे मांजर कळलं, असं होत नाही. शेवटी मांजराकडेच पाहावं लागतं.

आणि धीर धर. केशरी रंग एक्सवर बसतो हे शंभर वर्षं माहीत होतं. पण तिथला डीएनएचा सुमारे ५,१०० अक्षरांचा एक तुकडा गळाल्यामुळे तो रंग येतो, हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं ते थेट २०२५ साली. तुला दीड महिना थांबायला काय हरकत आहे?

केशरी पिल्लांना घरं मिळतील. काळ्याला अपशकुनी म्हणून कुणी नेत नाही, असं तू लिहिलंस. येईल त्याला सांग, हा रंग त्याला आईकडून आलाय. तिच्या अंगावरचा काळा डाग दाखव. तरी कुणी नेलं नाही तर मला कळव. मी न्यायला येते.

तुझी,
आत्या