दूरच्या सायकलयात्रेपूर्वीचा आठवडा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी एक मोठी सायकलयात्रा निघते. 'पॅन-मास चॅलेंज' हे तिचे नाव. १९८० साली बिली स्टार या तरुणाच्या पुढाकाराने ३६ सायकलस्वार स्प्रिंगफील्डहून निघाले आणि केप कॉडच्या टोकाशी, समुद्रात शिरलेल्या प्रॉव्हिन्सटाउन या गावी पोचले. स्टार यांची आई कर्करोगाने वारली होती. यात्रेच्या निमित्ताने जमलेले सुमारे १०,२०० डॉलर त्यांनी बॉस्टन येथील डॅना-फार्बर कर्करोग संस्थेला दिले. आता या यात्रेत हजारो लोक भाग घेतात, आणि आजवर जमलेल्या निधीने एक अब्ज डॉलरांचा टप्पा ओलांडला आहे.

हा पैसा जेथे जातो तेथील कार्याशी एका भारतीयाचाही संबंध आहे. डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ साली रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले. ते यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले होते. १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ तरी मागे हटला. तोपर्यंत या रोगावर इलाज असा नव्हताच.

अशा यात्रेला निघणारा मनुष्य बहुधा शर्यतपटू नसतो. तो शिक्षक असेल, कारकून असेल, रोगातून बरा झालेला रुग्णही असेल. त्याने परिचितांकडून देणग्यांची वचने घेतलेली असतात. ठरलेली किमान रक्कम जमवण्याची हमी दिलेली असते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात त्याच्या मनाला एकच शंका कुरतडू लागते, ती ही की आपला सराव पुरेसा झाला आहे काय? आणि या शंकेपोटी तो नेमकी करू नये ती गोष्ट करतो. तो रोज अधिकच लांब सायकल चालवू लागतो.

श्रमाने स्नायूंत जे हितकर बदल होतात, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांची वाढ, प्राणवायू वापरून शक्ती निर्माण करणाऱ्या पेशीकणांची वाढ, त्यांना कित्येक आठवडे लागतात. सहा दिवसांत ते घडून येत नाहीत. थकवा मात्र एका दिवसातही साठतो. २००७ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करून संशोधकांनी असे दाखवले की, स्पर्धेपूर्वी सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी केले, परंतु जोर कायम ठेवला, तर कामगिरी सर्वांत अधिक सुधारते. याचा अर्थ असा की, आठवड्यात १५० किलोमीटर चालवणाऱ्याने ६० ते ९० चालवावेत. मात्र त्यातील काही थोडे अंतर नेहमीच्याच वेगाने काटावे. अंथरुणात पडून राहणे हा विश्रांतीचा अर्थ येथे अभिप्रेत नाही.

शेवटच्या दिवसांत खरोखर वाढवता येते ती शरीरातील शिदोरी. पिष्टमय पदार्थांचे रूपांतर शरीरात ग्लायकोजेनमध्ये होते व ते स्नायूंत आणि यकृतात साठते. सामान्य मनुष्याजवळ त्याचा साठा सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २,००० किलोकॅलरी इतका असतो. या साठ्याविषयीचा एक प्रयोग मोठा मनोवेधक आहे. १९६६ साली स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन हे दोन वैद्यक संशोधक एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने केवळ एकाच पायाने, तो पाय पुरता थकेपर्यंत पायडल फिरवले. नंतर तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थांचा भरपूर आहार घेतला व दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक नमुने सुईने काढून तपासले. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन विसावलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट भरले. जो स्नायू रिता होतो तोच अधिक साठा घेतो, ही गोष्ट संशोधकांनी स्वतःच्याच शरीरावर सिद्ध केली!

म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटे, केळी यांचे प्रमाण वाढवावे, तेल-तूप बेताचे ठेवावे. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे वजन एक-दीड किलो वाढले तर घाबरण्याचे कारण नाही.

तरीही ही शिदोरी पुरत नाही. यात्रेचा जो मार्ग स्टरब्रिज येथून सुरू होतो, त्याचा पहिला दिवस सुमारे १७५ किलोमीटरांचा असतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने सपाटीवर जाणाऱ्या मनुष्याला तासाला अदमासे ५०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर सात तासांत ३,५०० होतात. चरबीतून काही भाग निघतो. उरलेला वाटेत खाऊन भरून काढावा लागतो. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पचते असा अनुभव आहे. ती कशाच्या रूपाने घ्यावयाची हे सरावातच ठरवावे. यात्रेच्या सकाळी नवे फळ, नवे पेय, नवा मिठाईचा तुकडा यांची परीक्षा पाहणे शहाणपणाचे नाही.

पाण्याच्या बाबतीत सर्वसाधारण समज असा की, जितके प्यावे तितके बरे. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. ज्यांचे वजन धावताना वाढले, म्हणजे जे घामाहून अधिक पाणी प्याले, त्यांना हा धोका विशेष होता. हळू जाणाऱ्या आणि प्रत्येक थांब्यावर ग्लास उचलणाऱ्या सायकलस्वाराने हे अवश्य ध्यानात ठेवावे. सरावापूर्वी व सरावानंतर वजन करून पाहावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. वाटेत जे प्यालो असू ते त्यात मिळवावे. एरवी तहान हाच बरा मार्गदर्शक.

यंत्राची तपासणी आदल्या रात्रीवर टाकू नये. साखळीचे २४ सांधे नवेपणी बरोबर १२ इंच भरतात. ते एक-षोडशांश इंचाने वाढले की साखळी बदलावी. त्याच्या दुपटीने वाढल्यास दातेरी चक्रेही झिजली असे समजावे, आणि अशा चक्रांवर नवी साखळी चढवली तर ती जोराच्या क्षणी घसरते. यास्तव साखळी, टायर, ब्रेकचे रबर यांपैकी काहीही बदलल्यास त्यानंतर एकदा तरी ५० किलोमीटर सायकल चालवून पाहिली पाहिजे. सीटची उंची मात्र या आठवड्यात मुळीच बदलू नये, कारण गुडघ्याला नव्या कोनाची सवय होण्यास अवधी लागतो.

टायर दगडासारखा टणक असावा, ही कल्पनाही सोडून द्यावी. खडबडीत रस्त्यावर असा टायर उसळतो आणि ती उसळी शोषून घेण्यात स्वाराच्याच अंगातील शक्ती खर्च होते. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून पुढच्यात हवा थोडी कमी चालते. पहाटेचे २० अंश तापमान रस्त्यावर दुपारी ४० अंश झाले, तर टायरमधील हवेचा निरपेक्ष दाब सुमारे सात टक्के वाढतो. पहाटे हवा भरताना तेवढी जागा ठेवावी. सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, ठिगळे, रबराचे सोल्यूशन आणि टायर उचकटण्याच्या पट्ट्या असाव्यात. सोल्यूशनची नळी एकदा उघडलेली असेल तर ती वाळली नाही ना, हे दाबून पाहावे; पंक्चर झाल्यावर हा शोध फार उशिरा लागतो.