बासरीची पारख

अल्प खर्चात मिळणारे व कोठेही सोबत नेता येणारे वाद्य म्हणजे वेळूची बासरी होय. काठीला बासऱ्या खोवून यात्राजत्रांतून फिरणारा विक्रेता कोल्हापुरातील मुलांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु हौसेने आणलेली बासरी पुष्कळदा चार दिवसांत कोनाड्यात जाऊन पडते, आणि ‘आमच्या मुलाला सुराचे अंगच नाही’ असा निकाल देऊन घरची मंडळी मोकळी होतात. हा निकाल अनेक वेळा अन्यायाचा असतो. कारण दोष मुलाच्या कानात नसून बासरीतच असतो. म्हणून या वाद्याची पारख कशी करावी, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करणार आहो.

आपल्या शेजारच्या मिरजेतील सतार व तानपुरा सर्वत्र प्रसिद्ध असून २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीची तार उतरली, तर खुंटी पिळून ती पुन्हा सुरात आणता येते. बासरीला खुंटी नाही. तिची पट्टी नळीची लांबी, पोकळीची रुंदी व छिद्रांच्या जागा यांवरून घडणीच्या दिवशीच ठरते. लांब नळीतील हवा सावकाश कंप पावते, म्हणून स्वर खालचा निघतो. लांबी निम्मी केली, तर स्वर सुमारे एक सप्तक वर चढतो. याच कारणाने प्रत्येक पट्टीस निराळी बासरी लागते.

बासरीला पातळ सालीचा व लांब पेरांचा वेळू हवा. कोकणातील माणगा बहुतेक भरीव असल्याने या कामी येत नाही. असा वेळू मुख्यत्वे आसामकडून येतो, आणि उत्तर प्रदेशातील पिलीभीत येथे त्याच्या बासऱ्या बनविण्याचा मोठा धंदा आहे. वाळलेल्या नळीस कारागीर तापलेल्या सळईने छिद्रे पाडतो. छिद्र प्रथम लहान ठेवून, स्वर ऐकत ऐकत ते वाढवावे लागते; कारण छिद्र वाढले की स्वर चढतो, आणि जास्त चढलेला स्वर खाली आणणे कठीण असते.

आता वादनाची रीत पाहू. वरची तीन छिद्रे झाकली असता षड्ज निघतो. पुढे खालून एकेक बोट उचलीत गेल्यास ऋषभ व गांधार मिळतात. पहिले छिद्र अर्धे उघडले की शुद्ध मध्यम आणि पूर्ण उघडले की तीव्र मध्यम लागतो. उलट सहाही छिद्रे झाकली की मंद्र पंचम निघतो. तीच बोटे ठेवून फुंक जोराची केली, तर त्याच स्वराचे वरचे सप्तक मिळते.

खरेदीची परीक्षा यातच आहे. सहाही छिद्रे झाकून मंद्र पंचम स्वच्छ निघतो की नाही ते पाहावे; न निघाल्यास बारीक चीर असण्याचा संभव असतो. मग फुंक वाढवून वरचा पंचम त्याच्याशी जुळतो का, हे ऐकावे. शेवटी पेटीवर षड्ज धरून एकेक स्वर ताडून घ्यावा. स्वतःस वाजविता येत नसेल, तर जाणत्यास सोबत न्यावे.

पट्टी निवडताना हाताचा विचार करावा. पांढरी एकची मध्यम बासरी सुमारे दीड फूट, तर खालच्या सप्तकातील पांढरी तीनची सुमारे अडीच फूट असते. मोठीचा आवाज गंभीर खरा, पण लहान बोटे तिच्या छिद्रांवर पोहोचत नाहीत. पंडित पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी प्रचारात आणून तिला मैफिलीत मानाचे स्थान मिळवून दिले. परंतु नवशिक्याने आखूड बासरीवरच हात बसवावा.

बासरी उन्हात ठेवू नये. वाजविल्यावर आतील ओल पुसावी व अधूनमधून तेलाचा हात द्यावा.

पालकांस एक विनंती. दोन बासऱ्यांतील फरक थोड्या रुपयांचा असला, तर केवळ स्वस्त म्हणून बेसूर बासरी पत्करू नका, आणि सुरेल बासरीसाठी कारागिराशी घासाघीसही करू नका. आपण वेळूच्या तुकड्याचे मोल देत नसतो. ते छिद्र नेमके कोठे थांबवावे हे ओळखणाऱ्या त्याच्या कानाचे मोल देत असतो. त्याच कानाच्या आधाराने आपल्या मुलाचा कान तयार व्हावयाचा आहे.