वर्गात फिट आली तर

आपल्यापैकी कितीतरी जण शाळेत शिकवतात, वसतिगृह सांभाळतात किंवा संडे स्कूल घेतात. हा पाठ त्यांच्यासाठी आहे.

सिन्नर तालुक्यात ठाणगावच्या डोंगरभागातल्या ठाकर वाड्यांवरचे पालक कामासाठी गाव सोडतात, तेव्हा मूल शाळेच्या हवाली असते. त्याला फेफरे आले तर पाहणारे माणूस शिक्षकच.

फेफरे, आकडी, मिरगी, फिट. वारंवार येऊ लागली की डॉक्टर त्याला अपस्मार म्हणतात. मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश काही वेळ बिघडतात, एवढेच. तो स्पर्शाने किंवा लाळेने लागत नाही. वेगळे ताट, वेगळा बाक कशाला? मत्तय 4:24 मध्येही फेफरेकरी आणि भूतग्रस्त यांची नावे वेगवेगळी आली आहेत. प्रार्थना जरूर करावी, पण गोळी थांबवून नव्हे.

मूल कोसळले तर घड्याळ पाहा. आजूबाजूची बाके सरकवा, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेली ओढणी ठेवा, गळ्याजवळचे बटण सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचा काडीचाही उपयोग नाही. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय मात्र चपलेला मिळते! झटके ओसरताच मुलाला कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध येण्याआधी पुन्हा आली, श्वासाला त्रास झाला, मार लागला किंवा ही पहिलीच फिट असेल, तर 108 ला फोन करा. कपडे ओले झाले असतील तर इतर मुलांना आधी बाहेर पाठवा. त्या मुलाला फिटपेक्षा ती लाज जास्त दिवस आठवते.

दुसरा प्रकार मात्र सहज निसटतो. मूल पडत नाही, थरथरत नाही. पाच-दहा सेकंद नजर थिजते, हाक ऐकू येत नाही आणि मग काही झालेच नाही असे ते पुढे लिहू लागते. दिवसात अनेकदा असे होऊ शकते. श्रुतलेखनाच्या वहीत मधलेच शब्द गळलेले दिसतात. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून मार बसतो. छडी उचलण्याआधी ती वही पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास सुमारे 70 टक्के रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. गोळ्या रोज, ठरल्या वेळी हव्यात. एकदम बंद केल्या तर फिट पुन्हा येते, आणि हे बहुतेक दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घडते. म्हणून घरी पाठवताना गोळ्यांची पुडी मोजून आईच्या हातात द्या, वेळ समजावून सांगा. विहिरीवर एकट्याने पोहायला आणि चुलीपाशी एकटे बसायला मनाई. बाकी खेळ, सहल, परीक्षा सगळे चालते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा मुलाचे नाव पुढे करा आणि सोबत एक चिठ्ठी द्या: तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी कोणता हात हलला, नंतर मूल झोपले का. डॉक्टरांनी ती फिट पाहिलेली नसते.