वैमानिकाची साधना

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडीचा माळ आहे. तेथे छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, विमानतळ सुरू झाला. आजही तेथून प्रवासी विमाने ये-जा करतात. विमानाची घरघर ऐकू येताच आसपासच्या शाळांतील मुले आकाशाकडे पाहू लागतात. आणि एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या मनात येते, 'आपल्यालाही असे विमान चालवता येईल काय?'

अवश्य येईल, परंतु त्यासाठी दीर्घ साधना हवी. गणित व पदार्थविज्ञान या विषयांचा पाया पक्का असावा लागतो. दृष्टी, श्रवण व हृदय यांची कसून तपासणी होते. वयाच्या १६ व्या वर्षी शिकाऊ परवाना घेता येतो. व्यावसायिक परवान्यासाठी मात्र १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया इत्यादी ठिकाणी हे शिक्षण मिळते. हवामान, मार्गदर्शन, विमानाची रचना, उड्डाणाचे नियम आणि बिनतारी यंत्रावरून बोलण्याची रीत, हे सारे अभ्यासावे लागते.

प्रारंभी शिक्षक शेजारी बसलेला असतो. पुढे एके दिवशी तो खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्यानेच जावयास सांगतो. एका माणसाचे ओझे कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचलले जाते. शेजारची जागा रिकामी असते. चूक झाल्यास सावरणारे दुसरे कोणी नसते. ते विमान सुखरूप खाली आणले, की विद्यार्थ्याचा आत्मविश्वास दुणावतो.

व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तास उड्डाण करावे लागते. त्यात रात्रीचे उड्डाणही येते. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते. अशा वेळी कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय माणसाला फसवते. विमान कलले असतानाही ते सरळ चालले आहे असे वाटते. म्हणून स्वतःच्या भासावर नव्हे, तर समोरील यंत्रांवर विश्वास ठेवण्याची सवय वैमानिकाला लावून घ्यावी लागते.

याहूनही कठीण असा एक धडा आहे. पावसाळ्यात धावपट्टी नीट दिसली नाही, तर विमान न उतरवता पुन्हा वर न्यावे लागते, वेळप्रसंगी दुसऱ्या गावीही उतरावे लागते. त्यासाठी जादा इंधन आधीच भरलेले असते. प्रवाशांना घाई असते, कोणी रागावतेही. परंतु मागे फिरण्याचे धैर्य ज्याच्या अंगी नाही, त्याच्या हाती इतक्यांचे प्राण कसे सोपवावेत?

ही जबाबदारी स्त्रियाही समर्थपणे पेलतात. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्त्याहून सिल्चरला इंडियन एअरलाइन्सचे एक विमान गेले. त्यातील सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या.

प्रवासी विमानाच्या प्रमुखपदाच्या परवान्यासाठी १५०० तासांचा अनुभव लागतो. तरीही परीक्षा संपत नाहीत. ठरावीक काळाने कौशल्य व प्रकृती पुन्हा तपासली जाते. वैमानिक हा अखेरपर्यंत विद्यार्थीच असतो.