कॅथलिक धर्मसंस्था आणि समाज : एक तौलनिक अभ्यास

धर्मांतराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा जगभर पसरलेला, शाळा-दवाखान्यांनी संपन्न असा ख्रिस्ती धर्म समोर होता. मग २१ वर्षांच्या विचारानंतर त्यांनी बुद्धाचा धम्मच का स्वीकारला? या प्रश्नाचे उत्तर केवळ अभिमानाने देता येत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा धर्मही समजून घ्यावा लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ख्रिस्ती धर्मातील सर्वांत मोठ्या शाखेचा, म्हणजे कॅथलिक पंथाचा विचार करणार आहोत. आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय ताळेबंद मांडू नये, ही शिस्त येथेही पाळली आहे.

रचना आणि शिकवण

कॅथलिक धर्मसंस्थेचा प्रमुख म्हणजे पोप. येशूचा शिष्य पीटर याचा तो वारस मानला जातो. त्याच्या खाली धर्मप्रांताचे बिशप आणि बिशपांच्या अखत्यारीत गावोगावची चर्चे व तेथील फादर, अशी ही साखळी आहे. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापक्षालनाच्या पत्रांच्या विक्रीवर टीका केली. त्यातून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथांनी पोपचा अधिकार नाकारून बायबल हेच अंतिम प्रमाण मानले. सुन्नी मुसलमानांतही आज असे एकच सर्वोच्च पीठ नाही. हिंदू धर्मात पौरोहित्य परंपरेने जन्मावर अवलंबून राहिले. कॅथलिक फादर मात्र सामान्यतः अविवाहित असतो, त्यामुळे त्याचे पद बापाकडून मुलाकडे जात नाही. ते सेमिनरीत शिक्षण घेऊन मिळवावे लागते. स्त्रियांना हे पद आजही मिळत नाही.

भगवान बुद्धांच्या संघातही जन्माला किंमत नव्हती. न्हावी उपाली आणि सफाई करणारा सुनीत यांना तेथे सन्मानाने प्रवेश मिळाला, आणि भिक्षुणी संघही स्थापन झाला. पण बुद्धांनी आपला वारस नेमला नाही; आपल्या पश्चात धम्म हाच शास्ता, असे सांगितले. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात हाच भेद दाखवला. येशूने स्वतःला देवपुत्र म्हटले, बुद्धांनी मात्र आपण मोक्षदाता नसून मार्गदाता आहोत एवढेच सांगितले. एकीकडे श्रद्धा व ईश्वराची कृपा, दुसरीकडे स्वतःची बुद्धी व शील, असा हा फरक आहे.

जमेची बाजू

जमेची बाजू मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा व संघटनेचा हक्क मान्य केला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतले, त्यामागे हीच आठवण आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत मिस्सा करण्यास वाट मोकळी करून दिली आणि बौद्ध धर्मासह इतर धर्मांविषयी आदर व्यक्त केला. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांच्या बाजूने बोलत राहिले. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले.

आपल्या जवळची उदाहरणे पाहू. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइट फादरांनी १८६९ साली काढले. वसईच्या कॅथलिक समाजाने १९१८ साली पतसंस्था उभारली, तिचीच पुढे सहकारी बँक झाली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दर रविवारी एकत्र येणारा समाज काय उभारू शकतो, हे यावरून दिसते.

नावे बाजू

गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. संशयावरून माणसांना कैद व कठोर शिक्षा झाल्या. अलीकडच्या काळात अनेक देशांत फादरांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते झाकणारे वरिष्ठ उघडकीस आले. वरून खालपर्यंत आज्ञा चालणाऱ्या संस्थेत चूकही वरूनच झाकली जाते, हा त्यातील धडा आहे.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद जातीची आहे. १६०६ साली मदुरेला आलेले जेझुइट फादर रॉबर्ट डी नोबिली ब्राह्मण संन्याशासारखे राहिले. जानवे व शेंडी या धार्मिक नव्हे तर सामाजिक खुणा आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १६२३ साली पोपनी तो मान्य केला. पुढे उच्च व खालच्या जातींसाठी वेगळे धर्मप्रचारकही नेमले गेले. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही उरले. तामिळनाडूत काही गावी दफनभूमीतही दलित ख्रिस्ती बांधवांची जागा वेगळी राहिली. २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. हैदराबादचे अँथनी पूला हे कार्डिनल होणारे पहिले दलित; त्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले.

येशूची शिकवण समतेची असताना असे का झाले? आमच्या मते कारण एकच. देव बदलला, पण रोटी-बेटीचा व्यवहार बदलला नाही. जातीला 'रूढी' म्हणून दाराच्या आत घेतले आणि ती घरमालक होऊन बसली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांचे मर्म येथे कळते. जुना व्यवहार सोडल्याशिवाय नवा धर्म अंगी लागत नाही.

आपला ताळेबंद

दुसऱ्याचे खाते तपासताना आपले खाते बंद ठेवता येणार नाही. एका वधू-वर मेळाव्याच्या अर्जात आम्ही स्वतः पोटजातीचा रकाना पाहिला आहे. भरणाऱ्यांनी तो निमूटपणे भरलाही होता. मदुरेची चूक वेगळ्या नावाने आपल्या दारात उभी आहे. दुसरीकडे, जयंतीला गजबजणारी अनेक विहारे एरवी कुलूपबंद असतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक? धम्माची आशा त्यांना समाजसेवक भिक्खूतच दिसली. ही जबाबदारी आज उपासकांवरही आहे.

कॅथलिकांकडून सेवा व नियमितपणा घ्यावा आणि जातीशी केलेली तडजोड टाळावी, हा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. विद्यार्थ्यांनी अभ्यासमंडळात पुढील तीन प्रश्नांवर जरूर चर्चा करावी :

१) मोक्षदाता व मार्गदाता यांत फरक काय?

२) धर्म बदलूनही जात का टिकते?

३) आपल्या वस्तीतील विहारात दर रविवारी कोणते एक काम सुरू करता येईल?

तिसऱ्याचे उत्तर कागदावर लिहून भागणार नाही, ते करून दाखवावे लागेल.