चवदार तळ्याचा पाठ आणि मिश्र वास्तव

महाडचा सत्याग्रह शिकविताना आम्हां इतिहास-शिक्षकांपुढे एक अडचण नेहमी उभी राहते. विद्यार्थ्यांना तळे ठाऊक असते, पण ते आजचे: बांधीव काठ, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा, भोवती वाहनांची वर्दळ. २० मार्च १९२७ पर्यंत ज्या पाण्याला नुसता स्पर्शही अपराध ठरत होता, ते पाणी त्यांना दिसत नाही.

येथे मिश्र वास्तव हे तंत्र उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे. आभासी वास्तवात भोवतालचे जग झाकले जाते. मिश्र वास्तवात ते दिसत राहते. उपकरणातील कॅमेरे व संवेदक समोरची जमीन आणि अंतर मोजून संगणकीय चित्र त्याच जागी बसवितात. आपण चालत गेलो तरी ते जागचे हलत नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेल्या होलोलेन्सची किंमत ३,००० डॉलर होती. निवासी शाळेला ती कशी परवडावी? मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही यातले पुष्कळ साधते. (पोलादपूरकडच्या वाड्यांत रेंजचा भरवसा नसतो; पाठ आधीच उतरवून घ्यावा.)

खरी कसोटी लागते ती काय दाखवावे हे ठरविताना. काठावरच्या हजारो सत्याग्रहींचे चेहरे कोठून आणणार? कल्पनेने रंगविलेला चेहरा एकदा डोळ्यांत बसला की विद्यार्थी त्यालाच पुरावा मानतो. म्हणून माणसांच्या केवळ आकृती असाव्यात आणि ठळकपणे उभे करावेत ते कागद: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा, सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला १९२३ चा ठराव. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने केलेला ठराव. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला, तो कागद. तेथून पुढे वर्षाला दहा पावले याप्रमाणे विद्यार्थ्यांना काठाने चालवावे. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. म्हणजे सत्याग्रहापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हे त्या निकालाचे मर्म. ओंजळ उचलायला क्षण लागला, कागद मिळायला किती चालावे लागले, हे पायांना कळते.

वीरेश्वर मंदिरात शिरणार असल्याच्या अफवेवरून प्रतिनिधींवर झालेला हल्ला मात्र चित्राने दाखवू नये, याबाबत आम्ही आग्रही आहोत. ज्यांच्या पणजोबांनी त्या लाठ्या सोसल्या असतील, अशी मुले आमच्या वर्गात बसतात. काठ्या अंगावर धावून येणारे दृश्य त्यांच्या वाट्याला खेळ म्हणून येऊ नये. तो भाग शिक्षकाने स्वतः, तळ्याकडे पाठ करून बसवून, तोंडी सांगावा.

शेवटी मोबाइल बंद करून वहीत दोन रकाने आखण्यास सांगावे: एकात कागदाने सिद्ध होणारे, दुसऱ्यात चित्रकाराने भर घातलेले. दुसरा रकाना कोरा सोडणाऱ्यास पुन्हा काठावर पाठवावे.