साधना : एका साप्ताहिकाची वाटचाल

प्रस्तावना

दैनिक वृत्तपत्र काल काय घडले ते सांगते. ते का घडले आणि त्याचा समाजावर कोणता परिणाम होईल, हे समजून घेण्यास थोडी उसंत लागते. साप्ताहिक, पाक्षिक, मासिक अशी नियतकालिके वाचकाला ती उसंत देतात. मराठीत ही परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. याच परंपरेतील ‘साधना’ या साप्ताहिकाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ‘साधना’ साप्ताहिकाच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• नियतकालिकाच्या स्वातंत्र्याचा अर्थ स्पष्ट करता येईल;
• नियतकालिकातील माहिती आणि मत यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

साप्ताहिकाचा जन्म

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. या घटनेने पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, अत्यंत व्यथित झाले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि त्यानंतर ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक काढले. ते फार काळ चालू शकले नाही. तथापि गुरुजी थांबले नाहीत. स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन, १५ ऑगस्ट १९४८, हा दिवस निवडून त्यांनी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

गुरुजींना हे काम नवे नव्हते. अमळनेरला शिक्षक असताना त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक चालविले होते आणि पुढे ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिकही काढले होते. ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून ते घराघरांत पोहोचले होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे, म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणाला लावले होते. राजकीय स्वातंत्र्य मिळाले तरी माणसामाणसांतील भिंती कायम आहेत, याची त्यांना जाणीव होती. म्हणूनच राजकारण, समाज आणि संस्कृती हे तिन्ही विषय ‘साधना’त शेजारी शेजारी आले. एका पानावर देशाच्या प्रश्नांची चर्चा, तर दुसऱ्या पानावर पुतणी सुधा हिला लिहिलेली, निसर्गाचे आणि जगाचे कुतूहल जागे करणारी पत्रे. ही पत्रे पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपात आली.

संपादक बदलले, अंक चालू राहिला

११ जून १९५० रोजी साने गुरुजींचे निधन झाले. साप्ताहिक सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. एका व्यक्तीच्या ध्यासातून जन्मलेली नियतकालिके बहुधा त्या व्यक्तीबरोबरच संपतात. ‘साधना’चे तसे झाले नाही. आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी संपादनाची धुरा उचलली. त्यानंतर यदुनाथ थत्ते यांनी ती दीर्घकाळ वाहिली. पुढे नानासाहेब गोरे, वसंत बापट, ग. प्र. प्रधान यांच्यासारखे संपादक लाभले. साप्ताहिक कोणा एकाच्या मालकीचे न राहता विश्वस्त संस्थेकडे राहिले, हेही त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण होय.

वादळ उठविणारा अंक

१५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. सर्वत्र उत्सवाची तयारी चालली होती. या निमित्ताने ‘साधना’ने एक विशेषांक काढला. त्याचे संपादन अनिल अवचट यांनी केले होते. दलित समाजाला या पंचवीस वर्षांत काय मिळाले, असा प्रश्न या अंकाने विचारला. त्यातील राजा ढाले यांच्या लेखाचे शीर्षकच ‘काळा स्वातंत्र्यदिन’ असे होते. राष्ट्रध्वजाच्या अपमानाबद्दल होणारा दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेबद्दल होणारी किरकोळ शिक्षा यांची तुलना ढाले यांनी त्यात अतिशय जळजळीत शब्दांत केली होती.

लेख प्रसिद्ध होताच महाराष्ट्रात वादळ उठले. अनेकांना त्यातील भाषा राष्ट्रध्वजाचा अवमान करणारी वाटली. इतरांच्या मते त्या भाषेमागची वेदना अधिक महत्त्वाची होती. लेखकाबरोबर साप्ताहिकावरही टीका झाली. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ या संघटनेकडे या वादामुळे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

ढाले यांची भाषा योग्य होती का, याविषयी आजही दुमत होऊ शकते. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. नियतकालिकाचा खर्च वर्गणी, विक्री आणि जाहिराती यांवर भागतो. आपला वाचक दुखावेल असे काही छापणे म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन हलविणे होय. ‘साधना’ने तो धोका पत्करला. ज्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची समाजाची तयारी नव्हती, त्यांना त्याने आपली पाने दिली.

सत्तेचे आणि हिंसेचे आव्हान

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले. काय छापावे आणि काय वगळावे, हे सरकारी अधिकारी ठरवू लागले. अनेक नियतकालिके या काळात मूक झाली. ‘साधना’लाही सरकारी कारवाईला तोंड द्यावे लागले. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग या साप्ताहिकाने स्वीकारला.

१९९८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर संपादक झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत त्यांनी आयुष्य वेचले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. विचाराला विचाराने उत्तर देण्याऐवजी शस्त्राने उत्तर दिले गेले. त्यानंतर विनोद शिरसाट यांनी संपादनाची जबाबदारी घेतली आणि साप्ताहिकाचे प्रकाशन चालूच राहिले. २०१९ मध्ये याच संस्थेने इंटरनेटवर नवे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा त्याला ‘कर्तव्य साधना’ हे नाव दिले. गुरुजींच्या बंद पडलेल्या सायंदैनिकाची स्मृती त्या नावाने जागी झाली. २०२३ मध्ये ‘साधना’ने पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली.

आपण काय शिकलो?

नियतकालिकाचे मोल केवळ त्याच्या खपावरून ठरत नाही. अप्रिय मताला जागा देण्याचे धैर्य त्याच्यात आहे का, हेही पाहावे लागते. मात्र हे धैर्य संपादकाइतकेच वाचकातही असावे लागते. न पटणारा लेख दिसताच अंक मिटणारा वाचक असेल, तर स्वतंत्र नियतकालिक टिकणे कठीण होते.

म्हणून कोणतेही नियतकालिक वाचताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. लेखात घडलेली गोष्ट कोणती आणि लेखकाचे मत कोणते? मताच्या पुष्टीसाठी कोणता आधार दिला आहे? या विषयात कोणाची बाजू आलेली नाही? तुम्ही महाराष्ट्रात राहत असा वा अन्य राज्यात, तुमच्या प्रदेशातील भाषेतही अशी नियतकालिके निघत असतील. त्यांच्याकडे याच दृष्टीने पाहावे. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि साहित्य जाणून घ्यावे, हेच साने गुरुजींचे ‘आंतरभारती’चे स्वप्न होते.

शब्दार्थ

उसंत – सवड. धुरा – जबाबदारी. विटंबना – अप्रतिष्ठा, छळ. प्रसिद्धिपूर्व नियंत्रण – छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याची सक्ती. दाद मागणे – न्यायासाठी अर्ज करणे. दुमत – मतभेद.

पाठान्त प्रश्न

१. ‘साधना’ सुरू करण्यासाठी साने गुरुजींनी निवडलेल्या दिवसाचे औचित्य स्पष्ट करा.
२. १९७२ च्या विशेषांकामुळे वाद का निर्माण झाला? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘धैर्य संपादकाइतकेच वाचकातही असावे लागते’ या विधानाविषयी तुमचे मत सोदाहरण मांडा.
४. तुमच्या परिसरात मिळणाऱ्या कोणत्याही नियतकालिकातील एक लेख वाचा. त्यातील माहिती आणि मते यांची दोन रकान्यांत नोंद करा.